सोमवारची गोळी

वॉर्डातून इंडेंट (औषधांच्या मागणीची चिठ्ठी) आला होता: मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅम, तीन गोळ्या, ओडी. २०२२चा जुलै, रात्रीचे साडेनऊ, आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. मी इंडेंट वाचला. हात थांबला. पुन्हा वाचला. मग गोळ्या मोजल्या, पाकिटात घातल्या आणि मावशींच्या हातात दिल्या.

सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी चाळीस खाटांचं रुग्णालय आहे, तिथला औषधविभाग मी सांभाळते. नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. असा इंडेंट कुठल्याही रुग्णालयात येऊ शकतो.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी देतात ते आठवड्यातून एकदा. फार्मसी शिकलेल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हे औषध पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही, त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतात त्यांची आधी उपासमार होते: तोंडाच्या आतली त्वचा, आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा. आठवड्याला एकच डोस असला की शरीर मधल्या दिवसांत सावरून घेतं. रोज दिलं तर सावरायला उसंतच मिळत नाही. त्यात मूत्रपिंड थकलेलं असेल तर औषध बाहेर पडत नाही, आतच साठत जातं.

काकी सत्तरीच्या, किनाऱ्यावरच्या एका गावातल्या. मासळी विकून विकून हाताची बोटं आधीच वाकडी झालेली, वर संधिवात. उपचार कोल्हापूरच्या डॉक्टरांचे. ताप आला म्हणून आमच्याकडे दाखल केलं. पावसाळ्यात ताप म्हटला की आमच्याकडे आधी लेप्टोचा, उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, संशय. कोल्हापूरचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता, पण पिशवीतही पाणी शिरलं होतं. 'आठवड्यातून एकदा' ही ओळ फुटून निळा डाग झाली होती. ड्युटी डॉक्टर नवीन होते. त्यांनी औषधाचं नाव आणि गोळ्या उतरवल्या आणि पुढे सवयीने ओडी लिहिलं. सिस्टरने फाइलवरून इंडेंट केला, मी गोळ्या दिल्या, दुसऱ्या सिस्टरने खायला घातल्या. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी काकी म्हणाल्या, "गो बाय, पेज गिळूक जमना नाय." तोंड आतून सोलून निघालं होतं. तापाने तोंड आलं असेल असं आधी वाटलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी घसरलेल्या होत्या. फिजिशियन सरांनी फाइल उघडली आणि वॉर्डाच्या मधोमध जे ओरडले ते खाली माझ्या काउंटरपर्यंत आलं. यावरचा उतारा, ल्युकोव्होरिन, आमच्याकडे नव्हता. काकींना रुग्णवाहिकेने गोव्याला, बांबोळीला हलवलं. त्या वाचल्या. दोन-तीन आठवड्यांनी घरी आल्याचं कळलं, तोपर्यंत मला धड जेवण गेलं नव्हतं.

मेमो मिळाला तो रात्रपाळीच्या सिस्टरला. डॉक्टरांना तोंडी समज. मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. औषध देणारी बाई म्हणजे भिंतीतली खिडकी, तिला काय विचारायचं?

पण माझा हात थांबला होता, हे मला माहीत होतं. फोन बाजूलाच होता. का उचलला नाही? कारण मूळ औषध लिहिणारे कोल्हापूरचे मोठे डॉक्टर. कारण रात्र झालेली. कारण आदल्याच आठवड्यात अशाच एका शंकेसाठी एका सरांना फोन केला तर "तुम्ही एमबीबीएस केव्हा झालात?" असं ऐकून घेतलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती त्याहून वाईट नात्याची निघाली.

चार दिवस विचार करून मी अधीक्षकांकडे गेले आणि सांगितलं, मेमो मलाही द्या. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मेमो देऊन काय होतं ते दिसलंच. ती सिस्टर आता काही दिसलं तरी बोलायची नाही." मग कपाटातून एक फुलस्केप वही काढून दिली. "महिनाभर करा. जिथे हात थांबेल तिथे लिहा. नाव कुणाचंही नको."

वही महिन्याच्या आतच भरत आली.

त्यात काय होतं ते सांगायलाच हवं, कारण मलाही तोवर वाटायचं की चुका म्हणजे अक्षर वाईट असणं. अक्षर तर होतंच. पण खरा घोळ टिंबांचा आणि शून्यांचा. इन्शुलिनचे युनिट लिहिताना १० च्या पुढे इंग्रजी 'यू' काढायची पद्धत. घाईत तो 'यू' वरून मिटला की शून्य होतो आणि दहाचे शंभर होतात. 'एक' लिहायचं तिथे '१.०' लिहिलं आणि टिंब कागदाच्या रेघेवर पडलं की दहा. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचं शून्य गाळून नुसतं टिंब आणि पाच लिहिलं की टिंब हरवतं आणि पाच उरतात. मायक्रोग्रॅमची ती ग्रीक खूण लांबून 'एम'सारखी दिसते, म्हणजे हजारपट. पाठ्यपुस्तकात हे सगळं असतं. आपल्याच वहीत, आपल्याच पेशंटच्या नावासमोर पाहिलं की पोटात गोळा येतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. ती आपली खास मराठी. घरी न्यायच्या चिठ्ठीवर आमच्या जुन्या सिस्टर प्रेमाने मराठीत लिहून देतात, पेशंटला समजावं म्हणून. आता मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारासारखा, आणि मराठी १ तर सरळ नऊच. घरी चिठ्ठी वाचणार कोण? मुंबईहून आलेला इंग्रजी माध्यमातला नातू. '४ थेंब' लिहिलेलं त्याने आठ थेंब वाचलं. डोळ्यांचे थेंब होते म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे आकड्याशेजारी तो अक्षरांत लिहितात: चार, पाच, अर्धी.

फोनवरचे हुकूम हा वेगळाच अध्याय. घरून सर सांगतात, इकडे सिस्टर लिहून घेते, मागे पेशंटचं बाळ रडतंय, नेटवर्क घाटात गेल्यासारखं. 'सात' की 'साठ'? इंग्रजीत 'फिफ्टीन' की 'फिफ्टी'? आता ऐकलेलं परत वाचून दाखवायचं आणि आकडे सुटे करून म्हणायचे: सहा-शून्य, एक-पाच. सुरुवातीला सिस्टरना ते शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटायचं, हसू यायचं. एका सरांनी तर "मला पोपट बनवता का?" म्हणून फोन ठेवून दिला होता. त्यांनाच एका रात्री आपण काय बोललो आणि समोर काय लिहिलं गेलं यातला फरक परत वाचताना कळला. मग गप्प झाले. आता तेच विचारतात, "वाचलं का परत?"

वहीवरून नवा चार्ट करायला चार-पाच महिने लागले. कागदाचं काम आठवड्याचं होतं, बाकी सगळा वेळ माणसांना गेला. मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच नियमात दुरुस्ती केली आहे: औषधाचं मूळ नाव, सुवाच्य, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं. मी तो नियम बैठकीत वाचून दाखवला. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "सकाळच्या ओपीडीत ऐंशी पेशंट असतात. मी मोठ्या अक्षरांत लिहीत बसलो तर शेवटच्याची एसटी चुकेल." यात खोटं काहीच नव्हतं. शेवटची एसटी चुकणं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी तोड अशी निघाली की ओपीडीचं नंतर बघू, दाखल पेशंटच्या चार्टवर तडजोड नाही. त्यावर 'युनिट' शब्द आधीच छापलेला, मायक्रोग्रॅम अख्खा छापलेला, अ‍ॅलर्जीचा रकाना लाल आणि सर्वांत वर, वजन लहान मुलांसाठी सक्तीचं. आठवड्यातून एकदाच्या औषधांसाठी वेगळी ओळ, तिथे वार लिहायचा आणि उरलेल्या सहा दिवसांच्या चौकोनांवर आडवी रेघ मारून टाकायची. ती ओळ काकींची, असं मी मनात म्हणते.

वजनाच्या रकान्यावरूनही वाद झाला होता. तो मिटवला विंचवाने. आमच्या भागात लाल विंचू चावलेलं पोर आणलं की प्राझोसिन देतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. विंचूदंशाने पोरं दगावायची ते त्यानंतर फार कमी झालं, हे इथल्या जुन्या माणसांना विचारा. त्याचा डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम. बारा किलोच्या पोराला ३६० मायक्रोग्रॅम होतात, साधी गोळी असते १ मिलिग्रॅमची म्हणजे हजाराची. अंदाजाने अर्धी-पाव करत बसायचं हे काम नव्हे. आणि हळूहळू विरघळणारी मोठी गोळी हाताशी असली तर ती मोडून द्यायचीच नाही, मोडली की तिचं हळूहळूपण संपलं. मी हे सांगितल्यावर ज्येष्ठ सर म्हणाले, "बरं, वजनकाटा आणा." आमच्या कॅज्युअल्टीत तोवर लहान मुलांचा वजनकाटा नव्हता.

पोटॅशियम क्लोराइडचं मात्र भांडण झालं. दहा मिलिलिटरची अँप्यूल, १५ टक्के, दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलची सख्खी बहीण. पाण्यात मिसळून सलाइनमधून सावकाश दिलं तर औषध, चुकून सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद. मी वॉर्डातल्या ट्रेमधून त्या सगळ्या काढून घेतल्या आणि माझ्याकडे कुलपात ठेवल्या. आयसीयूच्या सिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं: रात्री दोनला लागली तर जिना उतरून यायचं कुणी? मग आयसीयूत एकच लाल डबी, दोघींच्या सह्या, बाकी वॉर्डात एकही नाही, यावर मिटलं.

काही गोष्टी फसल्या, त्याही सांगते. गोळ्यांच्या राउंडला सिस्टरला कुणी मध्येच हाक मारू नये म्हणून लाल एप्रन आणला, त्यावर 'औषध देत आहे, बोलू नका' असं लिहून घेतलं. नातेवाइकांना वाटलं, त्या खाटेला काहीतरी भयंकर लागण झाली आहे. एका म्हाताऱ्याने डिस्चार्ज मागितला. एप्रन आता स्टोअरमध्ये आहे. त्याऐवजी राउंडची वेळ चहा आणि भेटीच्या वेळेपासून अर्धा तास सरकवली, त्याने जास्त काम झालं.

निनावी चिठ्ठ्यांची पेटीही लावली, चुकता चुकता वाचलेल्या प्रसंगांसाठी. पहिल्या महिन्यात एकच चिठ्ठी निघाली: 'कँटीनचा चहा पाणचट आहे.' दुसऱ्या महिन्यात मी माझीच चिठ्ठी टाकली, नावासकट, मेथोट्रेक्सेटची. ती बैठकीत वाचली गेली तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. त्यानंतर चिठ्ठ्या यायला लागल्या. अधीक्षकांनी वहीचे रकानेही तेव्हाच बदलले. 'कोणाकडून झाली' हा रकाना खोडून त्यांनी 'कोणाच्या लक्षात आलं' असं लिहिलं.

आता पिशव्यांबद्दल. खरं तर सगळ्यात जास्त शिकले ते पिशव्यांतून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांनी होणारी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन असतो, २०२३चा त्यांचा विषय होता रुग्णांनाच यात सहभागी करून घेणं. वरून कार्यक्रम करा म्हणून सांगितलं. १७ तारीख रविवारची आणि मंगळवारी चतुर्थी! कोकणात दोन दिवसांवर गणपती असताना कोण भाषण ऐकायला येणार? घरोघरी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची घाई, मुंबईच्या गाड्या भरभरून उतरतायत. चार माणसं आली, त्यातली दोन पाऊस थांबायची वाट बघत होती. पण त्या गाड्या बघूनच सुचलं. चाकरमानी येतात ते आईबापांसाठी गोळ्या घेऊन येतात. तेव्हा दाखल होणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. गादीखालच्यासुद्धा.

माझ्या टेबलावर पिशव्या ओतल्या जायला लागल्या. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या, खासगीच्या, मुंबईच्या, शेजारणीने 'मला गुण आला' म्हणून दिलेल्या, कसली तरी पुडी आणि सांधेदुखीसाठी दुकानातून मागून घेतलेल्या रंगीत गोळ्या. दहाची स्ट्रिप कापून चार गोळ्या दिलेल्या असल्या की नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर, आणि आपल्या हातात तिसराच तुकडा. मी कात्री घेऊन बसणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंना मनातल्या मनात बरंच काही म्हटलंय. मीही कापायचे, हे आलंच त्यात. आता कापते तेव्हा पाकिटावर नाव आणि मुदत लिहिते.

एक आजी वरचेवर घाम येऊन, चक्कर येऊन पडायच्या. पिशवीत मधुमेहाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या. आत दोन्हींत एकच, ग्लिमेपिराइड. एक इथल्या डॉक्टरांची, एक मुलाने पाठवलेली. विचारलं तर म्हणाल्या, "ही हयची, ती झिलान मुंबैसून धाडल्यान. दोनय घेतंय. कोणाचा मन कित्याक मोडू?" मी हसले आणि लगेच थांबले. माझी त्या रात्रीची भीड आणि ही भीड, रक्त एकच.

त्याच चतुर्थीत एक निवृत्त गुरुजी बेशुद्ध होऊन आले. सकाळच्या आरतीला उभे असताना कोसळले होते, ग्लुकोमीटरवर साखर ३४. मुलाने मुंबईहून इन्शुलिन आणलं होतं, मिलिलिटरला १०० युनिटची व्हायल. घरात सिरिंज जुनी, लाल टोपणाची, ४० वाली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विसाच्या रेघेपर्यंत भरलं. त्या सिरिंजवर वीस म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि १०० वाल्या व्हायलमधल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये असतात ५० युनिट. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस अडीचपटीत अडकला, कारण हे गणित आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. शुद्धीवर आल्यावर मी दोन्ही सिरिंज त्यांच्या हातात दिल्या. ते बराच वेळ बघत राहिले. "दोन फूटपट्ट्या," म्हणाले, "आणि दोन्हींवर आकडे सारखेच." मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते, दोन फूटपट्ट्या.

काकी आता दर दोन महिन्यांनी गोळ्या न्यायला माझ्याकडेच येतात. मला आधी नजर वर करता यायची नाही. पाकिटावर मी लाल पेनने 'सोमवार' लिहिते, फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर 'गुरुवार'. वाचता येत नाही त्यांना, म्हणून सोमवारच्या पाकिटावर बेलाचं पान काढते, त्या सोमवारी रामेश्वराला जातात. एकदा पान काढायचं राहिलं तर पाकीट परत सरकवलं, "बाय, पान खय?"

ओपीडीचं अक्षर अजून तसंच आहे. शेवटची एसटीही तशीच आहे.

परवा संध्याकाळी नवी सिस्टर जिना उतरून आली. नोकरीला लागून तीन आठवडे झालेली, वेंगुर्ल्याकडची, बोलताना मान खाली घालणारी मुलगी. हातात मी तासाभरापूर्वी दिलेलं पाकीट. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, चार्टवर कार्बिमाझोल आहे."

पाकिटात कार्बामाझेपिन होतं. एक थायरॉइडचं, एक फिट्सचं. फळीवर दोन्ही शेजारी-शेजारी होती, ती मीच लावली होती. मी वही काढली, तारीख घातली, 'कोणाच्या लक्षात आलं' तिथे तिचं नाव विचारून लिहिलं, आडनावासकट. मग फळीवरचा एक खोका उचलून दुसऱ्या कपाटात ठेवायला गेले.

"मॅडम," ती मागून म्हणाली, "आधी गोळ्या द्या ना. आठ वाजत आले."